मूळ झाड आणि म्युटंट: वाढीची आणि अंतर्रचनेची तुलना कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बी.एस्सी. आणि कृषी शाखेच्या प्रकल्पवह्यांत एक विषय हमखास येतो: म्युटंट झाड, म्हणजे जनुकात बदल होऊन वेगळं निघालेलं झाड, आणि साधं झाड यांची तुलना. वही नेटकी असते, आकृत्या सुबक असतात, पण निष्कर्ष काही उभा राहत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. 'नॉर्मल' म्हणून शेजारी उभं केलेलं झाड त्या म्युटंटचं कुणीच लागत नाही. बियाणं वेगळं, वय वेगळं, कधी वाफाही वेगळा. फरक दिसतो खरा, पण तो कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

खालची पद्धत मुगावर बेतली आहे, कारण मूग साठ-सत्तर दिवसांत हाताशी येतो आणि त्याचं खोड ब्लेडने सहज कापलं जातं. चवळी आणि हुलग्यालाही ती चालते. ज्वारीसाठी जिथे वेगळं करायचं तिथे तसं सांगितलं आहे.

टप्पा १: ते खरंच म्युटंट आहे का?

हा टप्पा गाळला तर पुढची दोन महिन्यांची मेहनत वाया जाते, म्हणून इथे घाई नको.

रानात वेगळं दिसणारं प्रत्येक झाड म्युटंट नसतं. चिकोडी-रायबाग-अथणीकडच्या उसात पांढुरक्या, बारीक फुटव्यांचा झुपका दिसला की मुलं 'अल्बिनो म्युटंट' म्हणून उपटून आणतात. तो गवताळ वाढ रोग असतो आणि फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो. मुगाच्या पानावर पिवळेधमक ठिपके दिसले तर बहुधा पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक विषाणू असतो. भुईमूग किंवा सोयाबीनची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह मिळत नसल्याची ती खूण आहे. अशा झाडाच्या एका फांदीवर ०.५ टक्का फेरस सल्फेट फवारा. आठवडाभरात ती हिरवी होऊ लागली, तर ते झाड बाजूला ठेवा.

दुसरा सापळा पिढीचा. किरण किंवा रसायन दिलेल्या बियांपासून थेट उगवते ती एम१ पिढी. तिच्यात झाडं खुजी राहतात, पानं सुरकुततात, परागकण वांझ निघतात. यातलं बरंचसं मारा बसल्याचं शारीरिक नुकसान असतं आणि ते पुढच्या पिढीत जात नाही. बहुतेक उत्परिवर्तनं (जनुकातले बदल) अप्रभावी असतात, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच दिसतात, त्यामुळे ती एम१ च्या बियांपासून उगवलेल्या एम२ पिढीत दिसतात. एम२ मधल्या झाडाचं बी वेगळं ठेवून एम३ ची ओळ घ्या. ओळीतली सगळी झाडं तशीच निघाली, तर तो गुण स्थिर झाला असं समजा.

एम२ मध्ये दर चारांत एक झाड वेगळं निघावं अशी अपेक्षा असते. आठ-दहा झाडं लावून 'काहीच निघालं नाही' असं लिहू नका. एका एम१ झाडाच्या बियांतून निदान एक म्युटंट दिसण्याची ९९ टक्के खात्री हवी असेल, तर किमान १७ झाडं उगवायला हवीत.

तपासणी: समजा ८० रोपांत १७ पिवळी निघाली. ३:१ प्रमाणे २० हवी होती. काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतल्या तफावतीचं माप) काढला तर ९ भागिले २० अधिक ९ भागिले ६०, म्हणजे ०.६० येतो. हा आकडा ३.८४ या मर्यादेपेक्षा कमी असल्यामुळे ३:१ ला बाधा येत नाही.

सावधान: बियांना मारा देण्यासाठी वापरलं जाणारं ईएमएस हे रसायन कर्करोगकारक आहे. ते घरी किंवा उघड्या टेबलावर वापरायचं नाही. मार्गदर्शकांकडून एम२ किंवा एम३ बियाणं मिळवून तिथूनच सुरुवात करणं पदवीच्या मुलांसाठी शहाणपणाचं.

टप्पा २: जोडीला कोणतं झाड घ्यायचं

दोन जोडीदार लागतात. पहिला म्हणजे ज्या वाणाच्या बियांना मारा दिला, त्याच पोत्यातलं मारा न दिलेलं बी. रसायन दिलेलं बी जितके तास भिजवलं असेल, तितकेच तास हेही साध्या पाण्यात भिजवलेलं असावं. दुसरा म्हणजे त्याच एम२ कुटुंबातलं हिरवंगार, नेहमीच्या उंचीचं भावंड. हे भावंड जास्त मोलाचं, कारण माऱ्यामुळे आणखी जे काही छोटे-मोठे बदल झाले असतील ते दोघांतही सारखेच विखुरलेले असतात.

म्युटंट रोप कोवळेपणीच मरत असेल (पांढरं रोप बीजपत्रातलं अन्न संपलं की टिकत नाही), तर त्याची हिरवी भावंडं वाढवा आणि प्रत्येकाचं बी वेगळं धरा. त्यांतली साधारण दोन-तृतीयांश झाडं तो गुण लपवून बाळगत असतात. पुढच्या हंगामात पांढरी रोपं त्यांच्याच बियांतून मिळतील.

बाजारातून आणलेला मूग जोडीला घेणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. तिच्या खालोखाल भुईमुगाची. टीएजी-२४ हा बुटका, उपट्या वाण आणि गावचा पसरणारा भुईमूग शेजारी लावायचे आणि खाली लिहायचं 'म्युटंट व नॉर्मल'. टीएजी-२४ च्या पूर्वजांत म्युटंट आहेत हे खरं, पण तो वाण संकरातून आला आहे. गावच्या पसऱ्या भुईमुगाशी त्याचे फरक शेकड्याने असतील. ती दोन वाणांची तुलना झाली. करायची तर करा, पण तिला तसंच म्हणा.

टप्पा ३: पेरणी आणि मांडणी

आपल्याकडे हंगाम जपून निवडावा लागतो. खानापूरच्या पावसात जुलैमध्ये लावलेला मूग पाण्यानेच पिवळा पडतो, मग म्युटंट कोण आणि बुडालेलं कोण हे कळत नाही. डिसेंबर-जानेवारीतली बेळगावची थंड रात्रही मुगाला मानवत नाही. शिवरात्रीच्या सुमारास थंडी ओसरली की पेरावं आणि पाणी हाताने द्यावं. म्हणजे वळीव जोर धरण्याआधी शेंगा हाताशी येतात. अथणीसारख्या कोरड्या भागात खरीपही चालतो.

कुंड्या वापरणार असाल तर सगळी माती एकदाच, एकाच ढिगात कालवा. निम्म्या कुंड्यांत खानापूरची तांबडी आणि निम्म्यांत घरामागची काळी माती असली, तर तुम्ही मातीचा प्रयोग करता आहात. जमिनीत लावायचं तर दोन ओळींत ३० सेंमी आणि दोन झाडांत १० सेंमी ठेवा. बी ३ ते ४ सेंमी खोल टाका. सगळं बी एकाच दिवशी, शक्यतो एकाच हाताने पेरा.

खुजा म्युटंट दोन उंच ओळींच्या मध्ये कधीही लावू नका. त्याच्यावर सावली पडते आणि सावलीतलं पान पातळ होतं, त्यातला पॅलिसेडचा (वरच्या बाजूच्या उभ्या, हिरव्या पेशींचा) थरही तोकडा राहतो. तोच फरक मग सूक्ष्मदर्शकाखाली 'म्युटंटचं लक्षण' म्हणून नोंदला जातो. खुज्या आणि उंच झाडांचे वाफे वेगळे पण लागून ठेवा, त्यांची अदलाबदल करत तीन-चार वेळा मांडा, आणि कडेची ओळ मोजणीत धरू नका. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदला.

टॅगवर आकडे एकाच लिपीत लिहा. सीमाभागात ही सूचना क्षुल्लक नाही. टॅग लिहिणारा मराठी शाळेतला, पाणी घालणारा कन्नड शाळेतला, नोंदवही इंग्रजीत. देवनागरी एक हा इंग्रजी नऊ म्हणून वाचला जातो आणि पहिलं झाड नववं होऊन बसतं. शाई पाण्याने धुऊन जाते, म्हणून प्लास्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहा.

तपासणी: पेरणीनंतर पंधरा दिवसांनी टॅग आणि नोंदवही समोरासमोर धरून एकदा वाचा. तिथे चूक सापडली तर अजून दुरुस्त होते.

टप्पा ४: वाढ मोजणं

उगवण रोज एकाच वेळी मोजा. 'उगवलं' कधी म्हणायचं हे आधी ठरवा, उदाहरणार्थ बीजपत्रं जमिनीवर येऊन उलगडली की.

उंची जमिनीपासून मोजू नका. पाणी घालताना माती बसते, भर घालताना चढते, आणि सेंटिमीटरभर खोटी वाढ वहीत जाते. मुगाची बीजपत्रं जमिनीवर येतात आणि गळून पडल्यावरही खोडावर समोरासमोर दोन खुणा राहतात. त्या खुणेपासून शेंड्यापर्यंत मोजा.

नुसत्या उंचीवर मात्र थांबायचं नाही. पेर म्हणजे पान निघतं तो सांधा आणि कांडं म्हणजे दोन पेरांमधला भाग. पेरांची संख्या आणि प्रत्येक कांड्याची लांबी वेगवेगळी लिहा. मुगात बीजपत्रांच्या वर साध्या पानांची जोडी येते आणि त्यानंतर तीन पानांची संयुक्त पानं लागतात. मोजणी या क्रमाने केली की दोन झाडांतलं 'तिसरं संयुक्त पान' खरोखर एकच ठिकाण ठरतं.

खुजं झाड दोन प्रकारांनी खुजं होतं. एकतर पेरं कमी पडतात किंवा पेरं तितकीच राहून कांडी आखडतात. ही दोन कारणं अगदी वेगळी आहेत आणि उंचीचा एकच आकडा दोन्ही झाकून टाकतो. मेंडेलच्या बुटक्या वाटाण्यात कांडी आखडलेली होती, कारण कांडं लांबवणारं जिबरेलिन त्यात पुरेसं तयार होत नव्हतं.

सुक्या वजनासाठी झाड उपटावं लागतं, म्हणजे उंचीसाठी ठेवलेली झाडं वेगळी आणि उपटायची वेगळी. ती आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर हात आपोआप मरतुकड्या झाडाकडे जातो, हे प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. मुळं बादलीत भिजवून सोडवा, ७० अंश सेल्सिअसला ४८ तास सुकवा आणि वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा तोलत राहा. दोन वजनांवरून सापेक्ष वाढीचा वेग काढता येतो. समजा दहा दिवसांत ०.८ ग्रॅमचं झाड २.४ ग्रॅम झालं. दोन्ही वजनांच्या नैसर्गिक लॉगमधला फरक १.१०, त्याला १० ने भागलं की रोज ०.११. छोटं रोप आणि मोठं रोप यांची रास्त तुलना याच आकड्यावर होते, नुसत्या ग्रॅमवर नाही.

सावधान: म्युटंट पाच-सात दिवस उशिरा उगवला असेल, तर तिसाव्या दिवशी तो कोवळाच असणार. म्हणून प्रत्येक नोंद दोनदा घ्या: एकदा दिवसांप्रमाणे आणि एकदा पानांच्या अवस्थेप्रमाणे, म्हणजे 'चौथं संयुक्त पान उलगडलं त्या दिवशी'. दोन्ही नोंदींत दिसणारा फरक खरा धरायचा.

टप्पा ५: नमुना कुठून आणि कधी तोडायचा

अंतर्रचनेच्या बहुतेक चुका सूक्ष्मदर्शकावर होत नाहीत, त्या तोडणीच्या वेळी झालेल्या असतात. खोडाच्या शेंड्याजवळ झायलमचे (पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीचे) वेगवेगळे जुडगे दिसतात. बुडाशी दुय्यम वाढ (खोडाची जाडी वाढणं) होऊन झायलमचं सलग कडं तयार झालेलं असतं. साध्या झाडाचं बूड आणि म्युटंटचा शेंडा कापलात, तर 'म्युटंटमध्ये दुय्यम वाढ नाही' असा सनसनाटी शोध लागतो.

म्हणून जागा ठरवा आणि वहीत लिहून टाका. खोडासाठी तिसऱ्या संयुक्त पानाच्या लगेच खालचं कांडं, त्याचा बरोबर मध्य. पानासाठी तिसऱ्या संयुक्त पानाची मधली पर्णिका, लांबीच्या मध्यावर, मधली शीर आणि कडा यांच्या अर्ध्यावर. मुळासाठी टोकापासून मोजलेलं ठरावीक अंतर. सगळे नमुने एकाच सकाळी, एकाच तासात तोडा.

लगेच कापायचे नसतील तर एफएए या नमुना टिकवणाऱ्या द्रावणात टाका: ७० टक्के अल्कोहोल ९० मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५ मिली, फॉर्मॅलिन ५ मिली. दुसऱ्या दिवशी काढून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी हवी. ताजा नमुना आणि एफएए मधला नमुना यांची एकमेकांशी तुलना करू नका. अल्कोहोलमध्ये पेशी आक्रसतात.

टप्पा ६: हाताने छेद घेणं

नवं ब्लेड घ्या. अर्धा डझन छेदांनंतर त्याची धार जाते, तेव्हा दुसरी बाजू वापरा.

पान नुसतं धरून कापता येत नाही, त्याला आधार लागतो. बेळगावात बटाटा हाताशी असतो म्हणून सगळे बटाट्याच्या फोडीत पान धरतात. चालतं, पण बटाट्याचे स्टार्चचे कण छेदावर सांडतात आणि आयोडीन टाकलं की सगळी स्लाइड निळीजांभळी होते. मग पानातला स्टार्च कोणता आणि बटाट्यातला कोणता? गाजर घ्या. गाजराच्या लांबट तुकड्याला उभी चीर पाडायची, पान त्यात सरकवायचं, बोटाने हलकंसं दाबायचं, ब्लेड आणि गाजर दोन्ही पाण्याने ओलं ठेवायचं आणि ब्लेड आपल्याकडे ओढत एका दमात कापायचं. करवतीसारखं मागेपुढे केलं की पेशी फाटतात. छेद ब्रशने उचलून वॉचग्लासातल्या पाण्यात सोडा. वीस-तीस छेदांतून दोन-तीन चांगले निघतात, आणि तेवढे पुरतात.

छेद तिरका गेला की कळतं. एका बाजूच्या पेशी गोल दिसतात आणि दुसऱ्या बाजूच्या लांबट. असा छेद कितीही सुंदर रंगला तरी मोजू नका. तिरक्या छेदात झायलमच्या नळ्या खऱ्यापेक्षा रुंद भासतात.

टप्पा ७: रंग देणं

सॅफ्रनिन (५० टक्के अल्कोहोलमध्ये १ टक्का) दोन-तीन मिनिटं, मग धुऊन फास्ट ग्रीन थोडा वेळ. लिग्निन (पेशीभिंत कडक करणारं द्रव्य) असलेल्या भिंती लाल होतात, बाकीच्या हिरव्या. घाईत असाल तर ०.०५ टक्के टोल्युडीन ब्ल्यू एकटाच पुरतो. त्यात झायलम हिरवट-निळं येतं आणि पातळ भिंतींच्या पेशी जांभळ्या-गुलाबी. दोन्ही झाडांचे छेद एकाच वॉचग्लासात टाकायचे नाहीत, मिसळले तर संपलं. रंग मात्र एकाच बाटलीतला आणि वेळ घड्याळावर सारखा हवा.

ज्वारीच्या बीएमआर (ब्राउन मिडरिब) म्युटंटबद्दल एक इशारा. त्याच्या पानाची मधली शीर तपकिरी होते आणि लिग्निन कमी असतं, म्हणून मुलं फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून लालीची तुलना करतात. पण ही लाली लिग्निनमधल्या अल्डिहाइड गटांमुळे येते आणि काही बीएमआर प्रकारांत नेमके तेच गट साठतात. त्यामुळे लिग्निन कमी असूनही लाली गडद येऊ शकते. लिग्निन कुठे आहे एवढंच या रंगावरून लिहा. किती आहे ते लिहू नका.

टप्पा ८: मोजमाप

आधी नेत्रिकेतली (डोळा लावायच्या भिंगातली) पट्टी जुळवून घ्या. स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक पट्टी कोरलेल्या स्लाइडचा) एक भाग १० मायक्रॉनचा असतो. ४०× भिंगाखाली नेत्रिकेचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर बसले, तर नेत्रिकेचा एक भाग २.५ मायक्रॉन. भिंग बदललं की हे सगळं पुन्हा. १०× वर जुळवलेला आकडा ४०× वर वापरला की पेशी चौपट मोठ्या होतात.

हल्ली सगळे मोबाइलने फोटो काढतात. हरकत नाही, पण झूम एकदा ठरवला की हात लावायचा नाही, आणि त्याच झूमवर स्टेज मायक्रोमीटरचाही एक फोटो घ्यायचा.

खोडात एवढं मोजा: छेदाचा व्यास, कॉर्टेक्सची (सालीखालच्या थराची) जाडी, जुडग्यांची संख्या, सर्वांत मोठ्या दहा झायलम नळ्यांचा व्यास, फ्लोएमबाहेरच्या (अन्न वाहून नेणाऱ्या ऊतीबाहेरच्या) तंतूंच्या थरांची संख्या, आणि गाभ्याचा व्यास. पानात एकूण जाडी, पॅलिसेडचे थर आणि त्यांची जाडी. म्युटंटचं खोडच बारीक असेल तर जुडगेही कमी असणार, म्हणून प्रत्येक माप छेदाच्या व्यासाशी भागूनही लिहा.

पर्णरंध्रांसाठी पानाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, चिकटपट्टीने सोलून स्लाइडवर चिकटवा. नुसतं 'दर चौरस मिलिमीटरला किती' एवढ्यावर थांबू नका. पेशी लहान झाल्या की तेवढ्याच जागेत रंध्रं जास्त मावतात. पर्णरंध्र निर्देशांकही काढा: एका दृश्यात २४ रंध्रं आणि ९६ साध्या पेशी असतील, तर १२० मध्ये २४, म्हणजे २० टक्के. घनता वाढली पण निर्देशांक तोच राहिला, तर बदल पेशींच्या आकारात आहे. रंध्रं आणि परागकण दोन्ही ठळकपणे मोठे दिसले, तर गुणसूत्रांचे संच वाढल्याची शंका घ्या. ते वेगळं प्रकरण आहे.

सावधान: एका झाडाचे दहा छेद म्हणजे दहा नमुने नव्हेत, तो एकच नमुना. दहा छेदांची सरासरी काढा आणि ती त्या झाडाचा एक आकडा म्हणून लिहा. दोन सरासरींची तुलना करणाऱ्या टी-चाचणीत झाडं मोजली जातात. आठ झाडांचे प्रत्येकी तीन छेद हे एका झाडाच्या चोवीस छेदांपेक्षा केव्हाही भारी.

टप्पा ९: वाढ आणि अंतर्रचना एकत्र वाचणं

वह्यांत वाढीचं प्रकरण वेगळं, अंतर्रचनेचं वेगळं, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. खरं तर सगळी मौज त्या गाठीत आहे.

खोडाच्या सालीवरही नेलपॉलिश लावून ठसा घेता येतो. त्यावर एपिडर्मिसच्या (सर्वांत बाहेरच्या थराच्या) पेशींची लांबी मोजा. समजा साध्या झाडाचं कांडं ६० मिमी आणि पेशीची सरासरी लांबी १२० मायक्रॉन, म्हणजे एका रांगेत ५०० पेशी. म्युटंटचं कांडं ३० मिमी आणि पेशी ६० मायक्रॉन, तर रांगेत पुन्हा ५००. पेशी तेवढ्याच झाल्या, पण लांबल्या नाहीत. उलट ३० मिमीच्या कांड्यात पेशी १२० मायक्रॉनच्याच निघाल्या, तर रांगेत २५० पेशी आहेत, म्हणजे विभाजनच कमी झालं.

पेशी लांबल्या नसतील तर आणखी एक चाचणी करून पाहा. ५० पीपीएम जिबरेलिक आम्ल (आधी अल्कोहोलच्या काही थेंबांत विरघळवून) म्युटंट आणि साधं झाड या दोघांवर फवारा. दोघांचीच काही झाडं तेवढेच अल्कोहोलचे थेंब घातलेल्या पाण्याने फवारा. म्युटंट सरसर उंच झाला तर त्याला जिबरेलिन कमी पडत होतं. हलला नाही तर ते असूनही त्याला उमगत नाही, किंवा कारण भलतंच आहे.

टप्पा १०: स्लाइड आणि बियाणं

स्लाइडवर झाडाचा क्रमांक, कांड्याचा क्रमांक, तारीख आणि रंग लिहा. 'म्युटंट टीएस' (टीएस म्हणजे आडवा छेद) एवढंच लिहिलेल्या स्लाइडचा पुढच्या महिन्यात तुम्हालाही उपयोग होत नाही. ग्लिसरीनमध्ये ठेवलेल्या छेदांच्या कव्हरस्लिपची कड नेलपॉलिशने बंद करा.

प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा, क्रमांक 'एम३-१२-४' अशा पद्धतीने: पिढी, ओळ, झाड. मूग स्वपरागी असल्यामुळे त्यात भेसळ फारशी होत नाही. ज्वारीत होते, म्हणून कणीस फुलायच्या आधीच त्यावर कागदी पिशवी बांधा आणि दाणा भरेपर्यंत ती काढू नका. मुगाला भुंगा लागतो. बी कडक वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि मूळ वाणाचं पाकीटही त्याच डब्यात टाका. पुढच्या हंगामात जोडीला तेच लागणार आहे.